चार भाकरींची वाट

उखाजी आबा जेवायला बसले की पानात पहिलं वाढलेलं मीठ चिमटीने उचलायचे, उपरण्याच्या टोकाला बांधायचे, दातांनी गाठ ओढून घट्ट करायचे आणि मग वाढणाऱ्याकडे बघून म्हणायचे, "हं, आते वाढ." लग्नाची पंगत असो, तेराव्याचं जेवण असो की आमच्या घरची कळण्याची भाकर, यात खंड म्हणून पडला नाही. भाजीत आधीच पडलेल्या मिठाबद्दल त्यांची तक्रार नसे. पानातलं मीठ मात्र उपरण्यात.

आम्ही तेव्हा शहाद्यात नवे होतो. मी कळसाडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, चार बुकं जास्त शिकलो म्हणून मास्तर झालेलो, आणि आबा आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बाजाराच्या दिवशी ते आमच्याकडे जेवत. पहिल्याच दिवशी तो प्रकार पाहून आमचं कुटुंब स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणालं, "अहो, हाऊ बुढा मीठ बांधी लई जास. काही करनी-बिरनी त नही ना करत?" मी हसण्यावारी नेलं, पण रात्री आमच्या मुलीची दृष्ट काढली गेली. पुढे महिनाभर आबांच्या पानात मीठ वाढताना हिचा हात आखडता असे. आबांच्या ते लक्षात आलं. "माय, मीठ जरा सढळ वाढत जा," ते शांतपणे म्हणाले.

आबा सरकारी टपालाचे हरकारे होते. शहाद्याहून तोरणमाळला टपालाची थैली पायी न्यायची नि आणायची, हातात घुंगरांची काठी. तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे कोस आणि मैल यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते अंतर भाकरीत मोजत. एक भाकर खाऊन निघालं की पुन्हा भूक लागेपर्यंत जेवढं चालणं होईल तेवढी वाट म्हणजे एक भाकर. कळसाडी पाव भाकर, नंदुरबार दीड भाकर, तोरणमाळ चार भाकरी. "कोस सपाटीवर येगळा, चढावर येगळा. पोट कोठेबी एकच," असं त्यांचं गणित. मी एकदा विचारलं, "आबा, मोटारीने धुळं किती भाकरी?" तर म्हणाले, "मोटारमा बसेल मानूस मोजाना नही. तो काय चालस?"

दुसरा नाद म्हणजे एक प्रश्न. बाजार उलगला की ते ओट्यावर येऊन बसत आणि डोंगराकडे परतणाऱ्या प्रत्येकाला थांबवत. "मीठ लिधं का?" पावरा असो, भिल्ल असो, जंगल खात्याचा शिपाई असो, सगळ्यांना तोच सवाल. एकदा तर घोड्यावरून दौऱ्याला निघालेल्या एका बड्या साहेबाचा लगाम धरून विचारलं, "साहेब, मीठ लिधं का?" साहेबाने मागे कारकुनाकडे बघून कपाळाला बोट लावलं. तिसऱ्या दिवशी त्याच साहेबाचा माणूस घोडा फेसाळवत खाली आला, मीठ न्यायला. गल्ली आठवडाभर हसली. आबा हसले नाहीत.

त्यांना हसू येत नसे, कारण वर काय असतं ते त्यांनी पाहिलं होतं. डोंगरात मका पिकतो, आंबा पिकतो, मोह गळतो, पण मीठ उगवत नाही. दुकान नाही, बाजार नाही. जे काही मिळायचं ते चार भाकरी खाली उतरल्यावर. पावरे डोक्यावर चारोळी घेऊन येत, शेरभर चारोळी दिली की शेरभर मीठ मिळे, आणि बासुंदीतली चारोळी चघळताना आम्हा खालच्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं, हे कबूल केलेलं बरं.

आबा थैलीबरोबर आपल्या गाठोड्यात मीठ नेत. ऐन श्रावणातही एकदा त्यांनी ते उपरण्यात बांधून पाठीवर टाकलं. पोचेपर्यंत मीठ पावसाने विरघळून कापडात मुरलं आणि हातात नुसतं ओलं उपरणं उरलं. एका झोपडीच्या दारात ते पिळायला लागले तर आतून म्हातारी ओरडत धावली, उपरणं हिसकावलं आणि चुलीवर उकळणाऱ्या डाळीत बुडवलं. "मन्हा तीन दिवसना घाम त्या डाळमा व्हता, मास्तर," आबा सांगत, "पन सर्वासनी बोटं चाटी चाटी खाधं." ही गोष्ट ते दर बाजाराला सांगत आणि दर वेळी आम्ही पोट धरून हसत असू. म्हातारीचं नाव रायली. त्यापुढचं आबा कधी सांगत नसत.

ते कळलं खानेसुमारीच्या वेळी. लढाई चालू होती आणि माणसं मोजायला सरकारने आम्हा मास्तरांना जुंपलं. माझ्या वाट्याला तोरणमाळच्या वाटेवरचे पाडे आले. निघायच्या आदल्या सकाळी आबा दारात उभे. हातात वाळलेल्या दुधीचा तुंबा, तोंडाशी चिंधीचा बोळा.

"हाई रायलीले दिजो. दर साल कोनतरी लई जास. पन तिन्हालगून पोचस का नही, माले काय माहीत?"

मी तुंबा हलवला. आत मीठ. पंगती-पंगतीतून, चिमटी-चिमटीने जमवलेलं.

"आबा, बाजारातून विकत घेऊन पाठवलं असतं तर?"

"तेबी धाडत ऱ्हास. पन हाई मन्हा पानमधलं शे," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले. मग तेवढं उरलेलं सांगितलं.

एका साली आखाडापासून दसऱ्यापर्यंत वाट बंद होती. वाट उघडल्यावर पहिल्यांदा वर गेले ते मोकळ्या हाताने; थैलीत एक कागद, तोही जंगलच्या साहेबाचा. रायलीने मक्याची भाकर नि डोंगरातली भाजी पळसाच्या पानावर वाढली. भाजी चांगली खारी होती. आबांनी पोटभर खाल्ली, पान दाराबाहेर टाकलं आणि निघाले. काठी तिथेच राहिली म्हणून परत फिरले, तर दारात रायली उकिडवी बसलेली. त्यांनी टाकलेलं पान तिच्या हातात होतं. त्यावर बोट फिरवून ती जिभेला लावत होती. घरातलं शेवटचं चिमूटभर मीठ तिने पाहुण्याच्या वाट्याला घातलं होतं. बाकीचं घर दोन महिने अळणी खात होतं.

"माले दखीसन ती लाजनी, मास्तर. लाजाले त मी पायजे व्हतू." आबांनी उपरण्याची गाठ चाचपली. "तवयपाशीन पानमधलं मीठ मन्हं नही. तिन्हं शे."

मी दित्या नावाच्या पावऱ्या वाटाड्याबरोबर निघालो. आबांच्या हिशेबाने चौथी भाकर संपली तिथेच रायलीचा पाडा लागला. मैलाच्या हिशेबाने मी दोनदा चुकलो होतो. म्हातारी जिवंत होती, पार वाकलेली. खानेसुमारीच्या कागदावर माणसं किती, वय किती, लिहिता येतं का, असे सगळे रकाने होते. मिठाचा रकाना नव्हता. मी कागद मिटला आणि तुंबा पुढे केला. तिने बोळा काढला, बोट घातलं, चाखलं आणि दित्याकडे बघून एकच शब्द बोलली. टपालवाला.

मग तिने मला जेवायला वाढलं. भाजीत मूठभर मीठ घातलं; मूठ म्हणजे मूठ. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत होती, त्यामुळे सगळं संपवलं. त्यानंतर त्याच भांड्यातलं तिने स्वतः घेतलं आणि सावकाश, मजेत खाल्लं.

झोपडीच्या मेढीला घुंगरांची काठी टांगलेली होती. सहा वर्षांपूर्वी घाटात आबांचा गुडघा निखळला तेव्हा पाड्यातल्या माणसांनी त्यांना झोळीतून खाली पोचवलं होतं, काठी वरच राहिली. वाऱ्याने घुंगरू वाजले की म्हातारी अजून वाटेकडे बघते, असं दित्या म्हणाला. मी काठी खाली नेण्यासाठी हात पुढे केला, तर तिने मान हलवली. दित्याने तिचं बोलणं सांगितलं, "काठी लेवाले त्यानीच येवानं, म्हनस."

परत आलो तेव्हा आबा ओट्यावरच होते. वाट कशी होती, मोजणी झाली का, काही नाही. "तिनी खाधं का? तिन्हा पानमा मीठ व्हतं का?"

"होतं आबा. माझ्या पानात तर इतकं होतं की अजून पाणी पितोय."

ते खदखदून हसले. मी त्यांना असं हसताना प्रथमच पाहिलं. मग काठीचा निरोप सांगितला आणि सांगायला नको होता असं लगेच वाटलं. आबा गुडघ्यावर हात ठेवून सातपुड्याकडे बघत बसले. दिवस मावळायच्या सुमाराला आमच्या दारात येऊन हिला म्हणाले, "माय, सकाळले चार भाकरी थापजो."

हिने माझ्याकडे पाहिलं. सकाळी तिने चार भाकरी थापल्या, लसणीची चटणी घातली, गाठोडं बांधून दिलं. आबा नवं धोतर नेसून निघाले. प्रत्येक पावलाला एक खांदा खाली जात होता. गल्लीतल्या एकानेही थट्टा केली नाही.

दुपारच्या सुट्टीत घरी आलो तर आबा आमच्या ओट्यावर बसलेले. पाय धुळीने माखलेले, गुडघा टम्म सुजलेला. गाठोडं उघडं होतं. आत साडेतीन भाकरी.

"अर्धी भाकरलगून गऊ, मास्तर," ते म्हणाले.

हिने पान मांडलं. नेहमीसारखं मीठ पहिलं वाढलं, सढळ हाताने. आबांनी ते चिमटीने उचललं, उपरण्याच्या टोकाला बांधलं, दातांनी गाठ घट्ट ओढली. मग आमच्याकडे न बघता, डोंगराकडे बघत म्हणाले, "हं, आते वाढ."

तिने त्यांच्याच गाठोड्यातली अर्धी भाकर त्यांच्या पानात वाढली. आबांनी ती उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि गाठोड्यातल्या तीन भाकरींवर परत ठेवली.

"राहू दे, माय," ते म्हणाले. "हाई वाटसाठे शे."