एकतीस खुंट्यांची पोपटी

महामार्ग आपल्या दारावरून जाणार, एवढंच नव्हे तर दुभाजकातला गाड्या वळायचा कटही आपल्याच हॉटेलासमोर पडणार, असं हैबतरावांनी रोह्याच्या पुलापलीकडच्या अख्ख्या अष्टमी गावाला सांगून टाकलं होतं. पेण-रोह्याकडचे जुने रस्ते रुंद करून थेट परराज्यात जाणारा मोठा रस्ता व्हायचा होता. कट नसेल तर पलीकडच्या गाड्या भुर्रकन निघून जातील आणि तीस वर्षांचं भजी-चहाचं हॉटेल बसेल, ही धास्ती मात्र त्यांनी फक्त बायकोला, कृष्णाबाईंना सांगितली होती.

म्हणून रस्त्याची मोजणी करणाऱ्या अमोलसाहेबांना पोपटीचं आमंत्रण गेलं. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात ठासून, मडकं उलटं ठेवून हैबतरावांनी भोवती असा जाळ केला, की भर दुपारी सगळी आळी वासानं गोळा झाली. साहेब बोटं चाटत होते. एवढ्यात त्यांनी निखाऱ्यांतून एक अर्धवट जळालेलं लाकूड ओढलं. टोकाला लाल रंग होता.

"हैबतराव, ही लाकडं कुठली?"

"रस्त्याकडेची. आजवर तीनदा मोजणी झाली, रस्ता काय झाला नाय. खुंट्या दर वेळी आमच्याच चुलीत येतात."

"या मी काल ठोकल्या होत्या. एकतीस." अमोलसाहेबांनी लाकूड पुन्हा निखाऱ्यांत टाकलं. "उद्या सकाळी मोठे साहेब बघायला येणार आहेत. माझी नोकरी गेली."

हैबतरावांच्या डोळ्यांपुढून कट निघून गेला. पण गडी हटणारा नव्हता.

"नवीन खुंट्या द्या. मी हातानं उपटल्यात, हातानंच लावतो. भावकीत बांधावरून वीस वर्षं भांडलोय साहेब, इथली वीत न् वीत पाठ हाय."

उन्हं उतरायच्या आत तीस खुंट्या उभ्या राहिल्या. एकतिसावी हॉटेलामागच्या मोरीपाशी ठोकताना कृष्णाबाईंनी सदरा ओढला.

"अवो, ही जरा रस्त्याकडं सरकवा. कोण बघतंय?"

"गप गो. हैबतरावाची खुंटी बोटभर हलायची नाय."

सकाळी मोठ्या साहेबांनी यंत्र लावलं. एकतीसच्या एकतीस बरोबर! खूश होऊन त्यांनी हैबतरावांच्या हॉटेलात दोनदा चहा घेतला, अमोलसाहेबांची पाठ थोपटली आणि नकाशात हॉटेलासमोर कटाची खूण करून टाकली. आळीनं टाळ्या वाजवल्या. हैबतरावांची छाती सदऱ्यात मावेना.

"साहेब, एक इचारतो. या खुंट्या कशाच्या म्हणायच्या?"

"रस्त्याच्या हद्दीच्या. खुंटीच्या आतलं सगळं रस्त्यात जाणार."

हैबतरावांनी वळून पाहिलं. हॉटेल खुंटीच्या आत होतं. चुलीसकट.

"कट मिळाला," कृष्णाबाई म्हणाल्या. "आता त्याच्यासमोर ठेवायला हॉटेल तेवढं आणा."

हैबतरावांनी मोरीपाशी जाऊन खुंटी हलवून पाहिली.

"पण बघ," ते हळूच म्हणाले, "बोटभर हलली नाय."