खारींवरचा तीस टक्के नवा मजकूर

वेंडेल क्रोकरने खारींचा प्रश्न कायमचा निकालात काढला होता. निदान त्याचं तसं म्हणणं होतं, आणि ते त्याने केस कापणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. डॉक्टरला तर स्वतःच्या तोंडात कापसाचे बोळे असताना ऐकवलं.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहानशा गावच्या कॉलेजात तो यंत्रशास्त्र शिकवायचा. त्याने पक्ष्यांसाठी एक दाणेघर बनवलं होतं. दांडीवर चिमणी बसली तर दाणे मिळायचे. खार बसली की वजनाने स्प्रिंग दबून झडप खाडकन बंद. सप्टेंबरात परसातल्या झाडाला ते टांगून, कॅमेरा लावून बारा दिवस मोजदाद केली. खारींच्या पोटात गेलेले दाणे: शून्य. त्यावर सहा पानांचा निबंध लिहून त्याने तो रेजायना शहरातल्या परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या. वर एका मुक्त नियतकालिकाचं बोलावणं आलं. कुणीही, कुठूनही, फुकट वाचावं असं ते नियतकालिक परिषदेतले निवडक निबंध वाढवून छापणार होतं. अट एकच, किमान तीस टक्के मजकूर नवा हवा.

वेंडेलला हे हवंच होतं. सात वर्षं तो हंगामी नेमणुकीवर लटकत होता. विभागप्रमुख मार्सी थीसन त्याला सरळच म्हणाली होती, "मे महिन्यात समिती बसेल. तोवर एका नियतकालिकात काहीतरी छापून आण, नाहीतर पुढच्या वर्षी मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही."

"पण नवीन काय लिहिणार तू?" बायकोने, लोर्नाने विचारलं. ती शाळेची बस चालवायची आणि वळण येण्याआधीच ब्रेकवर पाय ठेवायची.

"आणखी अठरा दिवस चाचणी. म्हणजे आणखी अठरा शून्यं."

"शून्यं वाढवून तीस टक्के होतात?"

"विज्ञानात होतात."

फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फात, त्याने दाणेघर पुन्हा टांगलं. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी दाणेघर असं चाटूनपुसून साफ झालं होतं, की घासायचीही गरज नव्हती. कॅमेऱ्यात पाहिलं तर एक खार झाकणाला मागचे पाय अडकवून उलटी लोंबकळत होती. दांडीला तिने शेपटीचा केससुद्धा लावला नव्हता. पंगतीत वाढप्याच्या ओळखीचा माणूस जेवतो तशी निवांत जेवत होती.

वेंडेलने झाकणाला ग्रीस चोपडलं. थंडीत ते गोठलं आणि खारीच्या नखांना आणखी पकड मिळाली. मग त्याने वर पत्र्याचा मोठा शंकू बसवला. त्याच्या आडोशाला वारा लागेना, म्हणून आता तीन खारी यायला लागल्या. पक्षी बिचारे कुंपणावर बसून बघत होते.

नवव्या दिवशी तो परसात शिडीवर उभा असताना शेजारच्या शेवचुकबाई पेरोगींचा, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा घेऊन आल्या. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहायच्या, आणि एकटीपुरता स्वयंपाक करणं त्यांना मान्य नव्हतं.

"काय रे, पुन्हा सुरू केलास तो प्रयोग?"

"हो काकू. पण सप्टेंबरात एक खार फिरकली नाही, आणि आता बघा कशा तुटून पडल्यात."

"सप्टेंबरात कशा फिरकतील? त्यांची पोटं भरलेली होती."

वेंडेल शिडीवरून एक पायरी खाली आला. "कशाने?"

"भुईमुगाच्या शेंगांनी. तूच नाही का मला म्हणालास, बारा दिवस खारींना एक दाणा मिळू देणार नाही म्हणून? मला रात्री झोप लागेना. मग मी मागच्या पायरीवर रोज पातेलंभर शेंगा ठेवल्या. या खेपेला तू काही बोललाच नाहीस."

वेंडेल उरलेल्या पायऱ्या उतरला आणि बर्फात बसला. रेजायनाच्या टाळ्या मुळात शेंगांना पडल्या होत्या.

थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, राहिलेले नऊ दिवस पुन्हा ठेवाल का शेंगा?"

"ठेवेन की. पण मग लोकांना खोटं कोण सांगणार, तू का मी?"

घरात त्याने लोर्नाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते नियतकालिक कुणालाही फुकट वाचता येतं ना? म्हणजे काकूंनाही येणार."

शेवटी त्याने खरं तेच लिहिलं. पहिला निष्कर्ष चुकला होता, खारींची पोटं भरलेली होती, उपाशी खारींपुढे स्प्रिंग टिकत नाही. संपादकांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. 'आम्ही किमान तीस टक्के नवा मजकूर मागितला होता. आपला नव्वद टक्के नवा आहे आणि उरलेले दहा टक्के आपणच खोडून काढले आहेत. याला वाढवलेला निबंध म्हणता येत नाही. कृपया स्वतंत्र निबंध म्हणून पाठवावा. तसेच शेंगांच्या नोंदी कोणी ठेवल्या, ते कळवावे.'

नोंदी होत्या. शेवचुकबाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या शेंगा मोजून लिहिल्या होत्या, कोणती खार किती वाजता आली, त्यासकट. वेंडेलच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा त्या चोख होत्या. नियमाप्रमाणे बाईंचं नाव लेखकांत घालणं भाग होतं.

"घाल. पण माझं आधी," बाई म्हणाल्या. "मी वयाने मोठी आहे."

एप्रिलच्या अखेरीस निबंध प्रसिद्ध झाला. शेवचुक आणि क्रोकर. बाईंनी त्याचा दुवा चर्चमधल्या पेरोगी मंडळाच्या एकूण एक बायकांना पाठवला, त्यांनी आपापल्या लेकीसुनांना, आणि महिनाभरात तो त्या नियतकालिकातला सर्वांत जास्त वाचलेला निबंध झाला.

मे महिन्यात मार्सी थीसनने वेंडेलला बोलावलं. "समितीने तुला कायम केलंय. आपली चूक आपणच छापणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. आणि कॉलेजला पहिल्या लेखिकेचं व्याख्यान ठेवायचंय. त्या गाडी चालवतात का?"

"नाही मॅडम. मी घेऊन येईन."

सभागृह भरलं होतं. वेंडेल तिसऱ्या रांगेत बाईंचा कोट मांडीवर घेऊन बसला. बाई पाऊण तास बोलल्या, एक कागद न बघता. शेवटी एका विद्यार्थिनीने हात वर केला. "मॅडम, दुसरे लेखक क्रोकर, त्यांचं काम नेमकं काय होतं?"

शेवचुकबाईंनी अगदी मनापासून विचार केला.

"ते शेजारी राहतात," त्या म्हणाल्या. "शिडी त्यांची होती."