नानांची हवेची चाळणी

जळगावात कुणाकडेही जा, आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. आमच्या शेजारच्या नानांकडे मात्र काचेची नळी यायची.

"आधी फुका, मंग बसा!"

समोर ग्लासात चुन्याची निवळी. तुम्ही नळीतून फुंकलं की ती दुधासारखी पांढरी व्हायची आणि नाना चोर पकडल्यासारखे ओरडायचे, "दिसना का कार्बन डायऑक्साइड? हाऊ बठ्ठा तुमना शे!" म्हणजे तो सगळा वायू पाहुण्याचाच!

ते ऐंशीचं दशक. नाना तंत्रनिकेतनात शिकवायचे. गिरण्या नि ट्रकांनी हवेत सोडलेला हा वायू पुन्हा हवेतून गाळून काढायचा, हे त्यांचं वेड. पुढे जगभर त्याची ओरड झाली, नानांना तो ताप तेव्हाच भरला होता. जळगावच्या मे महिन्यात या गृहस्थाने घरातल्या एकुलत्या एक कूलरमध्ये चुन्याची निवळी भरली! वाळ्याच्या पडद्यांवरून ती ओघळणार, पंखा हवा ओढणार, वायू चुन्यात अडकणार. कूलर म्हटलेलं त्यांना खपत नसे. "हाई हवानी चाळणी शे!"

चाळणीतून वायू किती निघाला देव जाणे, पण चुन्याचे तुषार घरभर उडायचे. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, कधीच वारल्या होत्या. भिंतीवरचा त्यांचा फोटोसुद्धा पांढुरका झाला होता. घरात नाना आणि मुलगी कल्पना, दोघंच. ती बिचारी रोज सगळं पुसायची, निवळी बदलायची आणि वर हसायची.

कल्पनाला बघायला भडगावची मंडळी येणार होती. आधीचं एक स्थळ नळी बघूनच पळालं होतं. मी माझ्या शाळामास्तरी आवाजात नानांना बजावलं, "आज कूलरमध्ये साधं पाणी. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." त्यांनी मान डोलावली.

मंडळी बसली, पंखा सुरू झाला. चहा येईपर्यंत मुलाच्या वडिलांची काळी टोपी पांढरी, आईच्या जांभळ्या साडीवर रांगोळी आणि मुलाच्या मिशा साफ पिकलेल्या! मी कपाळावर हात मारला. नानांना आत ओढून म्हटलं, "अहो, काय केलंत हे?"

"पाव्हनास्ले खराब हवा कशी देऊ, मास्तर?" नाना कळवळून म्हणाले. पाहुणे खास म्हणून त्यांनी ताजी चुनकळी विरवून घट्ट पाणी भरलं होतं. आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

बाहेर मुलाचे वडील निघायला उठलेच होते. तेवढ्यात कल्पना पोह्यांच्या बश्या घेऊन आली. तिने त्या पिकल्या मिशा पाहिल्या आणि तिला हसू आवरेना. मग मुलगा हसला, त्याची आई हसली, शेवटी टोपी झटकत वडीलही हसले. लग्न ठरलं.

लग्न झाल्यावर काही दिवसांनी मी नानांकडे गेलो. कूलर बंद होता. नाना टेबलावरच्या बशीकडे टक लावून बसले होते. बशीत निवळी होती.

"रात्रभर खोली बंद करून ठेवली होती," ते म्हणाले. "कल्पना होती तेव्हा सकाळपर्यंत हिच्यावर साय धरायची. आता बघा, जेमतेम पापुद्रा."

"म्हणजे हवा साफ झाली की!" मी उगाच म्हटलं.

"व्हयनी ना. घरमा श्वास लेनारं एकच मानूस ऱ्हायनं."

मला फार वाईट वाटलं. मी निघायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"बसा ना मास्तर. करा थोडी हवा खराब."