दाराचं सुतक

प्रमिलाआक्कांनी भंगार लाकडाचं तोरण बांधलं आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घराच्या दाराला सुतक लागलं.

तोरण मोठं झोकदार झालं होतं. भंगारवाल्याकडून आणलेली एक जुनी सागवानी फळी करवतीने कापून आक्कांनी तिची आपट्याची पानं केली, भाताच्या लोंब्या केल्या, दोन पोपटही केले. रंग मुद्दामच दिला नाही. नुसता पॉलिशपेपर मारून सगळं सुतळीत ओवलं, म्हणजे कसं शेतावरच्या घरासारखं दिसावं. नवरात्राची सातवी माळ होती. स्टुलावरून उतरून आक्का लांबून कौतुकाने बघत होत्या, तेवढ्यात दार म्हणालं, "हा माझा भाऊ."

आक्कांना धक्का बसला. दार बोललं याचा नव्हे. जुनी सागवानी दारं अडीनडीला बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. धक्का बसला तो आपण काय कापलं याचा.

माहेरचं घर विकलं तेव्हा आक्का आणि त्यांचा धाकटा भाऊ आनंदा या दोघांनी सगळं निम्मंनिम्मं वाटून घेतलं होतं. समयांच्या जोडीतली एकेक समई, आणि दोन फळ्यांच्या थोरल्या दाराची एकेक फळी. पितळी कडी मात्र एकच होती. तिच्यापायी शब्दाने शब्द वाढला, आणि आनंदा कडी खिशात घालून 'येतो' न म्हणता गेला तो गेलाच. आक्कांनी आपली फळी दुसऱ्या मजल्यावरच्या या घराला दार म्हणून बसवली. दुसरी आनंदाकडे होती. निदान असायला हवी होती.

आणि इतक्या वर्षांनी यंदा त्याचा फोन आला होता. "दसऱ्याला सोनं घेऊन येतो, आक्का." एवढंच बोलला. आक्कांना तेवढं पुष्कळ झालं होतं.

आष्टेकर गुरुजींना बोलावलं. त्यांनी चष्मा सावरून तोरणाच्या आणि दाराच्या लाकडाच्या रेषा ताडून बघितल्या.

"एका जंगलातलं असतं तर तीन दिवसांवर भागलं असतं," ते म्हणाले. "पण हे एकाच झाडाचं. सख्खं. दहा दिवस."

"अहो, दसरा मधेच येतोय!" आक्का म्हणाल्या.

"येईना का. सुतक दाराला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही खुशाल सण करा. फक्त सणाचं म्हणून कोणी या दारातनं आत यायचं नाही."

"मग तोरण काढून ठेवू?" आक्कांचे यजमान शामराव म्हणाले.

"दहाव्याच्या आत? भलतंच काय!"

दार नियमाला पक्कं निघालं. दूधवाल्याला उघडायचं, कचरेवाल्याला उघडायचं. शामराव पेढे घेऊन आले तर ढिम्म हललं नाही. बिचाऱ्यांना जिन्यात बसून सगळे पेढे संपवावे लागले, आणि त्यांनी ते तक्रार न करता संपवले. खंडेनवमीला आक्का हत्यारं पुजायला बसल्या तेव्हा दार हळूच म्हणालं, "ती करवत तेवढी राहू दे." त्यांनी करवत फडक्यात गुंडाळून कॉटखाली सारली.

दसऱ्याला दुपारी आनंदा आला. आक्का आतून मूठ ओढून ओढून घामाघूम झाल्या.

"आनंदा, मी नाही रे लावलं! तेच उघडंना!"

"बरं," बाहेरून आवाज आला.

त्या 'बरं'ला आक्का चांगल्या ओळखत होत्या. कडीच्या दिवशीही तो असंच म्हणाला होता. पावलं जिन्याकडे वळली. मग पावलं थांबली.

"आक्का, हे तोरण कशाचं गं?"

"भंगारातल्या फळीचं."

"पोपटाच्या पोटाला भोक हाय."

"ते आधीचंच आहे."

"कडीचं भोक हाय ते, आक्का." त्याने पोपटाच्या पोटावरून बोट फिरवलं. "मीच विकली गं फळी. नव्या घरात ठेवायला जागा न्हवती."

"आणि मी कापली," आक्का आतून म्हणाल्या.

आनंदाने हातातली आपट्याची पानं खिशात कोंबली, डोक्यावरची टोपी काढली आणि दारावर हात ठेवला. "लई वाईट झालं," तो दाराला म्हणाला. "माझ्या हातनं झालं."

दार उघडलं.

सुतकाच्या घरात बसतात तसे दोघं खाली सतरंजीवर बसले. कडीचा विषय निघाला नाही. आनंदा रडला, आक्का रडल्या, शामरावांनी दोघांना पाणी आणून दिलं. मग आनंदा उठला आणि रीतीप्रमाणे 'येतो' न म्हणता निघून गेला.

आक्का उंबऱ्यातच थिजल्या. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण मागच्या वेळीही तो असाच गेला होता.

"येईल का हो तो परत?"

"दाराला विचार," शामराव म्हणाले.

दार सुतकात होतं. येण्याजाण्याचं ते काही बोलेना.

तेराव्याला आनंदा दुखवटा घेऊन आला. दाराला जवसाच्या तेलाचा डबा आणि ती पितळी कडी. बहीण-भावाने मिळून दाराला तेल चोळलं, कडी ठोकली, मग सगळे गोडाचं जेवले. ऊन उतरल्यावर आनंदाने चपला घातल्या.

"येतो, आक्का."

आक्कांनी पदर तोंडाला लावला.

"ये," दार म्हणालं.