चालवून पाहिलेलं लिव्हर

डॉक्टर खांबेट्यांनी मला फसवलं, आणि तेही खरं बोलून. इंदूरच्या मल्हारगंजात जुन्या मोटारी, पंप आणि जनरेटर घेण्या-विकण्यात माझं आयुष्य गेलं. खोटं बोलणारे रोज भेटतात, त्यांच्यावर माझा राग नाही. धंदाच तसा आहे. पण खरं बोलून गिऱ्हाईक गाठणारा हा एकच माणूस भेटला.

खांबेटे लिव्हर बदलण्याचे डॉक्टर. मूळचे सांगलीकडचे. तुकोगंजात एका फ्लॅटमध्ये एकटे राहतात. बायको वारली, मुलगी परदेशात. या माणसाला कशालाच चांगलं म्हणता येत नाही. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा मी म्हटलं, "मस्त आहे." ते म्हणाले, "मागून आवाज येतो." पोह्यांची प्लेट हातात आली की वर भुरभुरलेल्या मसाल्याकडे बघत आधी म्हणणार, "जिरावण जास्त झालंय," आणि मग शेवटचा दाणाही बोटानं टिपून खाणार. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, नवं सरकार आलं, तरी त्यांचं एकच उत्तर: "पाहू. पित्त येतंय का ते पाहू."

हे पित्त त्यांच्या कामातलं. लिव्हर जिवंत असलं की पित्त तयार करतं. ते दिसेपर्यंत खांबेटे कशावरच विश्वास ठेवत नाहीत, लग्नावरही नाही.

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगतो, कारण लिव्हर गेलं म्हटलं की लोक ग्लास शोधायला लागतात. माझं लिव्हर साखरेनं आणि चरबीनं गेलं. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, आणि दुकानात बसल्या बसल्या मला झोप लागू लागली. भाव करताना मी झोपलो हे ऐकून बाजारात लोकांनी माझी आशाच सोडली होती. दुसऱ्याचं लिव्हर मिळालं नाही तर मी जाणार, हे मला स्वच्छ सांगितलेलं होतं. अर्थात खांबेट्यांनीच.

एके दिवशी त्यांनी आम्हाला हॉस्पिटलात बोलावलं.

"बापूराव, एक लिव्हर मिळतंय. पण फार चांगलं नाही."

"म्हणजे?"

"लिव्हर देणारे दाते वयस्क होते. लिव्हरवर चरबी आहे. दोन हॉस्पिटलांनी नको म्हटलंय."

माझी बायको सुनंदा मटकन खुर्चीत बसली. मला मात्र हसू आलं. आमच्या बाजारात दुकानदार आपल्याच मालाला नावं ठेवू लागला, की समजायचं माल एक नंबर आहे आणि तो दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलाय.

"मी नाही म्हटलं तर कुणाला देणार?" मी विचारलं.

"यादीत पुढं जे असतील त्यांना विचारू."

"कोई मंत्री-वंत्री है क्या?"

"एक शिक्षिका आहेत."

'हो, मंत्री आहेत' म्हणाले असते तर मी कदाचित विचार केला असता. पण शिक्षिका! इतकं साधं उत्तर तयारीशिवाय कुणी देत नाही.

"लिव्हर माझं," मी म्हटलं. "सौदा पक्का."

"थांबा. आधी ते मशीनवर ठेवायचंय."

मग त्यांनी समजावलं. आजवर लिव्हर बर्फात यायचं. बर्फात ते झोपलेलं असतं. चालेल की नाही हे बसवल्यावरच कळायचं. म्हणून जरा शंका आली की डॉक्टर नको म्हणायचे आणि लिव्हर वाया जायचं. आता मशीन आलं होतं, परफ्यूजनचं. त्यात लिव्हर उबेत ठेवतात, रक्त फिरवतात, आणि पित्त येतंय का ते बघतात.

"म्हणजे फिट करायच्या आधी बेंचवर चालवून पाहणार."

"हो."

"आणि आजवर गोणीत बांधलेली मोटार घेत होते सगळे?"

"तसं म्हणा. पण या मशीनचंही काही फार..."

"डॉक्टरसाब," मी म्हटलं, "आता पुढे एक शब्द बोलू नका."

दुपारी पित्त आलं. मला आत नेलं.

बरा झाल्यावर मशीनवर काम करणाऱ्या मनीषाकडून मला सगळं कळलं. ही आमच्या इंदूरचीच मुलगी. दाते खरंच वयस्क होते, चरबी खरंच होती, दोन हॉस्पिटलांनी खरंच नको म्हटलं होतं.

"पण काका, सरांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं म्हणूनच तर मी विश्वास ठेवला नव्हता."

मी खांबेट्यांना गाठलं. म्हटलं, "ते जाऊ द्या. आता तरी सांगा, माझं लिव्हर कसं आहे?"

"चालतंय. पाहू."

गंजलेला पंप विकतानासुद्धा मी गिऱ्हाइकाला इंदुरी थाटात म्हणतो, "भिया, शेर है." हा माणूस माझ्या पोटात बसलेल्या मालाबद्दल 'पाहू' म्हणतो. दर तपासणीला मी विचारलं, दर तपासणीला तेच. इतकं मोठं काम करून घेतलं आणि देणाऱ्याकडून एक पक्का शब्द नाही.

त्यातच कळलं की ते मशीन ट्रायलवर आलेलं होतं आणि कंपनी ते परत न्यायला निघाली आहे. मॅनेजमेंटनं मीटिंग बोलावली होती. खांबेटे तिथं काय बोलतील याचा मला अंदाज होता, म्हणून मीही जाऊन बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

अंदाज बरोबर निघाला. पहिल्याच वाक्यात ते म्हणाले, "मशीन महाग आहे. नळ्या दर वेळी नव्या लागतात. शिकलेली माणसं सतत जवळ बसवावी लागतात. आणि प्रत्येक लिव्हर चालेलच असं नाही." मॅनेजमेंटचे साहेब खुश होऊन मान हलवत होते. त्यांना नाही म्हणायचे कष्टसुद्धा पडणार नव्हते.

मी उठलो आणि सदरा वर केला.

"साहेब, हा माल दोन जागी नापास झालेला आहे. तुमच्या मशीनवर पास झाला. बर्फाच्या डब्यातून आला असता तर तुमच्या डॉक्टरांनी हात लावला नसता, आणि आज माझ्या खुर्चीवर माझा फोटो असता."

"बापूराव, खरं म्हणजे काही वेळा..." खांबेटे म्हणाले.

मी त्यांच्या पायावर पाय दिला. पुढचा भाव मी केला. कंपनीच्या माणसाला नळ्यांच्या दरावरून असा धरला की शेवटी तो पाणी मागू लागला. मशीन राहिलं. बाहेर आल्यावर खांबेटे मला म्हणाले, "पाय दुखतोय."

तेव्हापासून रविवारी सकाळी ते दुकानावर येतात. पायरीवरच उभे राहतात. खिशात हात घालून एखाद्या मोटारीकडे बघत, "गंज आहे," म्हणतात. मग माझ्या डोळ्यांत टक लावून बघतात, पिवळेपणा दिसतो का ते. चहा उभ्यानंच पितात. घर वरच आहे. सुनंदा दर वेळी जिन्यातून हाक मारते, "डॉक्टर, वर या, दोन घास खाऊन जा." ते म्हणतात, "पाहू," आणि निघतात.

मागच्या आठवड्यात मनीषा घरच्या बोरिंगसाठी पंप बघायला आली. बोलता बोलता म्हणाली, "काका, तुमचं लिव्हर मशीनवर होतं ना, त्या दिवशी सर जागचे हलले नाहीत. मी म्हटलं जेवून या, मी बसते. तर नको म्हणाले. सारखे बोलत होते."

"कुणाशी?"

"लिव्हरशी. मी आकडे बघत होते, त्यांचं लक्षच नव्हतं माझ्याकडे."

"काय बोलत होते? नावं ठेवत असतील."

"नाही हो. म्हणत होते, 'पित्त दे रे बाबा. चांगल्या घरी पाठवतोय तुला. माणूस तापट आहे, पण मनाचा सच्चा आहे. बायको त्याच्याशी भांडते आणि डबा घेऊन वॉर्डाच्या दारात बसून राहते. मुलं येतात, आरडाओरडा असतो. तुला करमेल तिथं. माझ्यासारख्याच्या फ्लॅटवर नाही पाठवत तुला. तिथं कुणी बोलायलासुद्धा नाही.'"

पंपाचा भाव मी तिच्याशी केलाच नाही. ती म्हणाली तो दिला.

आता माझं म्हणणं असं आहे. हा माणूस पित्त दिसल्याशिवाय कशालाही चांगलं म्हणत नाही. मग ज्या घराचा जिना कधी चढला नाही, त्या घराला चांगलं कसं म्हणाला? कशाच्या भरवशावर त्यानं त्या बिचाऱ्या लिव्हरला शब्द दिला? हे न पाहता विकणं झालं. त्या लिव्हरनं तर विश्वास ठेवून पित्तही दिलं.

याचा जाब खांबेट्यांनी द्यायला पाहिजे. आणि पायरीवर उभं राहून नाही. येत्या रविवारी वर यावं, घर नीट बघावं, ताटावर बसावं, आणि मग काय ते उत्तर द्यावं. मीठ जास्त झालंय म्हणाले तरी चालेल.