मेमरीची खाच

"पुन्हा अडकला!" सूनबाईने माउस टेबलावर आपटला. "संध्याकाळी शाळेच्या इमारतीचं ड्रॉइंग दाखवायचंय. कॉम्प्युटर असाच रखडला तर काम त्या दुसऱ्या आर्किटेक्टकडे जाणार. मेमरी वाढवायलाच हवी."

ती साइटवर गेली आणि सासरे चपला शोधू लागले. ते निवृत्त फिटर. कारखान्यात त्यांना सगळे 'मिलिमीटर' म्हणत, आणि एखाद्याने पदवी मिरवावी तसं ते हे नाव मिरवत.

"कोणती देऊ काका? डीडीआर थ्री की डीडीआर फोर?" कॉम्प्युटरच्या दुकानदाराने विचारलं.

"आकडा मोठा ती द्या. सुनेला कुणी जुनंपानं देतं का?"

"पण मदरबोर्ड कुठला आहे? त्याला चालते तीच घ्यावी लागते."

"अहो, जन्मभर फिटर होतो मी. बसवायचं माझ्यावर सोडा."

दुकानदाराने सोडलं.

घरी त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत मेमरीची एक जुनी पट्टी होती. नवी पट्टी लांबीला अगदी तेवढीच, पण तिची खाच किंचित बाजूला. मदरबोर्डवरच्या फटीतला उंचवटा आड येत होता आणि पट्टी काही केल्या बसेना. दुसरा कुणी थबकला असता. मिलिमीटरना मात्र ही कारखान्याची चूक वाटली.

"बघ, खाच भलतीकडे पाडलीय," ते बायकोला म्हणाले. "तपासणीला कुणी नव्हतंच वाटतं."

"मग परत करून या."

"ढोबळ चूक आहे. घासली की बसेल."

"अहो, सुनेला विचारा तरी."

"विचारलं तर सुखद धक्का कसला?"

"धक्का बसेल हो. सुखदचं तुम्ही बघा."

त्यांनी सुईने खूण केली, पट्टी फडक्यात धरून शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि सर्वांत बारीक कानस काढली. जिभेचं टोक ओठांत धरून त्यांनी दुसरी खाच पाडली. पट्टी 'टक्' करून बसली. त्या आवाजाने त्यांची छाती फुगली.

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि आतून पीं, पीं असा आवाज सुरू झाला.

"रडतंय ते," सासूबाई म्हणाल्या.

"जोडी जुळत नाहीये. नवीला दोन खाचा, जुनीला एकच. कसं चालेल?" असं म्हणून त्यांनी जुनी पट्टीही शेगड्यात धरली.

सूनबाई परतली तेव्हा कॉम्प्युटर अजून रडत होता. तिने पट्ट्या उपसून हातात घेतल्या.

"बाबा, ही घासलीत?"

"जागा चुकली होती गं."

"आणि जुनी?"

"जोडी नको का जुळायला?"

ती पट्ट्या घेऊन तरातरा दुकानाकडे निघाली. मागून मिलिमीटर, मान खाली घालून.

"काका, खाच मुद्दामच वेगळ्या जागी ठेवतात," दुकानदार म्हणाला. "चुकीची मेमरी बसू नये म्हणून. दोघींचं विजेचं गणित वेगळं. शिवाय घासताना या कडेच्या सोनेरी रेघाही उडवल्यात. मदरबोर्ड जळला नसेल तर नशीब समजा." मग त्याने भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला. "ही कड मात्र... कुठल्या मशीनवर काढलीत?"

मिलिमीटर पुटपुटले, "हाताने."

"शक्यच नाही."

वाटभर धुमसत आलेल्या सूनबाईची मान अचानक ताठ झाली. "का शक्य नाही? साध्या कानसेने काढलीय. आमचे बाबा आहेत ते!"

मदरबोर्ड वाचला होता. योग्य मेमरी लावताच शाळेची इमारत पडद्यावर भराभरा फिरू लागली. ड्रॉइंग वेळेवर दाखवून झालं आणि काम सूनबाईलाच मिळालं.

घासलेली पट्टी दुकानदाराने मागून घेतली आणि दर्शनी काचेमागे टांगली. खाली पाटी लावली : 'बसत नसेल तर विचारा. घासू नका.'

हल्ली मिलिमीटर फिरायला निघाले की बायकोला त्याच गल्लीतून नेतात आणि काचेपुढे थांबतात.

"अहो, चला आता. लोकांनी असं करू नये म्हणून टांगलीय ती!"

"करू नये काय," मिलिमीटर चष्मा पुसत म्हणतात, "जमणारच नाही कुणाला!"