नेमासांचा चौथा कोना

नेमासा ज्या वस्तूला हात लावत, तिची चिमूट काढून दोन अंगठ्यांत धरून ओढून पाहत. मग तो कापूस असो, भज्याचं पीठ असो, की पाहुण्याची मिशी असो. तुम्हाला वाटेल मी फेकतोय. पण पुतणीला पाहायला आलेल्या मुलाचे केस त्यांनी भर बैठकीत चिमटीत धरले आणि जाहीर केलं, "धागा आखूड हाय. टिकणार नाई." तो पोरगा पुढं पंचविशीतच टकला झाला म्हणतात. लग्न मात्र त्याच बैठकीत मोडलं.

नाव नेमिनाथ. आमच्या कारंज्यात जैन मंडळींच्या नावामागे 'सा' लागतो, म्हणून नेमासा. धंदा कापसाच्या अडतीचा. मी एसटीच्या ऑफिसात तिकिटांचा बाबू आणि त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांतला भाडेकरू. त्यामुळे त्यांच्या चिमटीत मी रोज सापडत असे.

बाजारात त्यांचा दरारा असा, की गाडीवान त्यांना लांबून पाहून बैलांच्या आधी स्वतः थांबत. शेतकरी काय करतो, पांढराशुभ्र कापूस वर रचतो आणि ओला, डागाळलेला कवडी माल खाली दडपतो. नेमासा गाडीच्या चारही कोन्यांत खांद्यापर्यंत हात घालत. एकदा चौथ्या कोन्यातून त्यांनी गाडीवानाचा झोपलेला मेव्हणाच ओढून काढला होता. "तीन कोने तं कोणीबी पाह्यते," ते म्हणत. "सौदा चौथ्या कोन्यावर होते, बाबू."

घरचा नियम एकच, दिवस बुडाल्यावर घास नाही. हंगामात नेमासा बाजारात असे गुंतत, की रोज त्यांची आणि सूर्याची शर्यत लागे. इकडे काकू, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावर येऊन हाळी देत. त्या आवाजावर आख्खी गल्ली घड्याळं लावी. नेमासा धोतराचा सोगा हातात धरून गल्लीच्या तोंडाशी दिसले, की काकू गुपचूप आत जाऊन ताट वाढत. सूर्यही त्यांच्यासाठी दोन मिनिटं थांबत असावा असा माझा संशय आहे.

पुढं दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. एका हंगामात नेमासा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात असताना, संध्याकाळच्या वेळी काकू गेल्या. जवळ होती तिघं. तिघांनी काकूंचं शेवटचं बोलणं वेगवेगळं सांगितलं, एवढंच गल्लीला कळलं. काय ते नेमासांनी कुणाला सांगितलं नाही. आणि पुढच्या हंगामात कापूस सरकारनंच विकत घ्यायचा असा कायदा आला, त्यामुळे अडत बंद पडली. हात घालायला गाडी उरली नाही. नेमासा दिवसभर एसटी स्टँडवर येऊन बसू लागले आणि माझ्या तिकिटांचे कागद ओढून पाहू लागले. संध्याकाळी सून बोलवायला यायची. "भूक नाई," म्हणून ते तिला परत पाठवायचे.

स्टँडवर दर बाजारच्या दिवशी वाशीमहून दानिएल मास्तर यायचे. निवृत्त शिक्षक, ख्रिस्ती, छापील मराठी बोलणारे. येशूच्या चरित्राची पातळ पातळ पुस्तकं ते चादरीवर मांडून विकत. पुस्तकं चार, चार रंगांची. नेमासांनी वेळ जावा म्हणून मत्तयाचं घेतलं. आवडलं. म्हणून पुढच्या आठवड्यात 'दुसरा भाग' समजून मार्काचं घेतलं.

तिसऱ्या बाजाराला नेमासा स्टँडवर आले ते गाडीत दगड सापडल्यासारखे.

"काहो मास्तर, फसवता काय गरिबाले? मागच्या भागात हा मानूस मेला, तिसऱ्या दिवशी उठला, सारं झालं. अन् ह्या भागात पाह्यतो तं पुन्हा नदीवर आंघोयीले हजर! अन् पुन्हा मेला! तोच माल दुसऱ्या पोत्यात!"

दानिएल मास्तर शांतपणे म्हणाले, "नेमासा, हे भाग नव्हेत. एकाच जीवनाची ही चार शुभवर्तमाने आहेत. चौघांनी आपापल्या परीने लिहिलेली."

"चौघानं?" नेमासांचा हात आपोआप खांद्यापर्यंत वर गेला. "म्हंजे गाडी एक अन् कोने चार?"

त्या दिवसापासून आमच्या स्टँडवर प्रवाशांचे हाल सुरू झाले. उरलेली दोन पुस्तकं घेऊन नेमासा बाकावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून साक्ष काढत. "पाह्य, मत्तयाच्या गाडीत जन्माच्या वक्ती पूर्वेकडचे ज्योतिषी हायेत. लूकच्या गाडीत मेंढपाळ. मार्काच्या गाडीत जन्मच नाई! अन् हा योहान, हा तं जगाच्या सुरुवातीपासून हाकलत आणून राह्यला!" शिरपूरला दर्शनाला निघालेलं एक आख्खं कुटुंब या भानगडीत मंगरूळपीरच्या गाडीत चढलं. थडग्यावर गेलेल्या बायका एक, दोन की तीन, यावर त्यांनी आमच्या कंडक्टरला असं पिडलं की तो बिचारा पुढं महिनाभर बायकांची तिकिटं दोनदा मोजत होता.

पण फिरून फिरून नेमासा एका जागी येत. मरताना तो माणूस शेवटचं काय बोलला?

"दोघं म्हन्ते का तो वरडला, देवा मले काहून सोडलं. लूक म्हन्ते, शांतपने म्हने, माहा जीव तुह्या हाती. योहान म्हन्ते, पुरं झालं म्हने. मरते मानूस येवढं बोलते काय, बाबू? एक कोन्तं तरी खरं असन."

"तुम्हाला कुठलं पटतं?" मी विचारलं.

"मले पटून काय होते? माल पाह्यला पाह्यजे." पण योहानाचं पुस्तक ते खिशात ठेवत आणि मार्काचं बाकाखाली.

एका बाजारच्या दिवशी उन्हं उतरताना दानिएल मास्तर सहज म्हणून गेले, की विद्वानांच्या मते चौघांत आधी लिहिलं ते मार्काने. बाकीचे त्याच्यानंतरचे.

नेमासांनी बाकाखालचं पुस्तक उचललं. बराच वेळ त्याचं पान दोन अंगठ्यांत धरून राहिले. ओढलं नाही.

"म्हंजे जो पहिले सांगते, त्याचंच खरं?" त्यांनी विचारलं. मग आमच्या दोघांकडे न पाहता बोलू लागले. "आमची हे गेली तवा तिघं होते. शेजारीन म्हने, नवकार मंत्र म्हनत गेली. वैद्यबुवा म्हने, 'झालं आता' येवढंच बोल्ली. पन त्या दोघानं मंग सांगतलं, चार लोकं बसल्यावर. पहिले सांगतलं माह्या बहिनीनं. जिनाच्या दारात, धापा टाकत. म्हने, 'काहून नाही आले,' असंच म्हनत गेली." त्यांनी पुस्तक मिटलं. "पहिला माल तोच. त्याच्यावर कोनी वरून पांढरा कापूस रचला नोता."

माझ्यासमोरच्या खिडकीत एक म्हातारी मानोऱ्याचं तिकीट मागत होती. मी तिला कुठलं दिलं मला आठवत नाही.

दानिएल मास्तरांनी चष्मा पुसला. "नेमासा, मार्काची ती आरोळी. ती त्याने स्वतः रचलेली नव्हे. ते त्या लोकांच्या जुन्या स्तोत्रातले पहिले वाक्य आहे. घराघरांत पाठ असलेले. सुरुवात आक्रोशाची आहे, पण पुढे ते स्तोत्र भरवशाकडे जाते. मरणारा माणूस सगळे कुठून म्हणणार? पहिली ओळ म्हणाला. ज्यांना ठाऊक होते, त्यांना पुढचे मनात ऐकू आले."

"अन् ज्याले ठाव नाई?"

"त्याला तेवढेच ऐकू येते."

नेमासा तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "काहून नाही आले..."

आणि माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "...अजून, दिवस बुडून राह्यला!"

नेमासांनी मान वळवली. "काय म्हनलं?"

"काकू. रोज म्हणायच्या. तुमच्या वाटेकडे पाहत, ओट्यावरून. 'काहून नाही आले अजून, दिवस बुडून राह्यला, उपाशी राह्यतीन.'" मी काकूंच्या चालीतच म्हणून दाखवलं. "आख्ख्या गल्लीला पाठ आहे."

"मले नाई ठाव."

"तुम्हाला कसं असेल? तुम्ही दिसलात की त्या गप्प व्हायच्या."

नेमासा माझ्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर गाड्या तपासलेला माणूस जसा पाहील, तसे. मग माझ्या सदऱ्याची बाही त्यांनी चिमटीत धरली, अंगठ्यांत घेतली आणि हलकेच ओढली.

"चौथा कोना भाड्यानं खालीच राह्यत होता म्हना की," ते म्हणाले. "धागा तुटला होता, बाबू. मी त्याले आखूड समजलो."

एसटीच्या वर्कशॉपच्या पत्र्यावर ऊन टेकलं होतं. नेमासांनी कपाळावर हात धरून ते नीट पाहिलं, चारही पुस्तकं गोळा करून एकाच खिशात कोंबली आणि निघाले. धोतराचा सोगा हातात, पाऊल जुनंच, हंगामातलं. एक बैलगाडी, दोन रिक्षा आणि आमची अकोला गाडी त्यांनी मागे टाकली, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

दानिएल मास्तर चादर आवरत होते, मी खिडकी लावत होतो. एवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरून हाळी आली. आवाज नेमासांचा, चाल मात्र हुबेहूब ओट्यावरची.

"ओ मास्तर! ओ बाबू! काहून नाही आले अजून? दिवस बुडून राह्यला!"